घोटा सुटला की गुडघा वाकला?

धंतोलीकर: काल इथं एकानं घोट्याच्या फिजिओथेरपीबद्दल टाकलं, '15 दिवसांत डॉर्सिफ्लेक्शन (घोट्यातून पाऊल वर वळणं) 8 वरून 14 अंश, पॅकेज वसूल.' अभिनंदन. पण पोस्टमध्येच लिहिलंय की पहिल्यांदा पाय सरळ ठेवून झोपवलं, दुसऱ्यांदा टेबलावर पाय लोंबते सोडून बसवलं. अहो, पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो, पाऊल आपसूक जास्त वर येतं. त्यात पहिल्यांदा मोजणारी मॅडम, दुसऱ्यांदा इंटर्न. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, कोणी कुठं धरला, देवच जाणे. त्यापेक्षा भिंतीसमोर उभं राहा, टाच न उचलता गुडघा टेकवा, जास्तीत जास्त मागे जाऊन अंगठा ते भिंत टेपनं मोजा. टेप खोटं बोलत नाही.

विदर्भी फिजिओ: टेप नाही बोलत, पेशंट बोलते. टाच हळूच उचलते, तळपाय आत लोळवते. मी टाचेखाली कागदाची पट्टी ठेवतो. ओढल्यावर निघाली की तो प्रयत्न बाद. आणि उंच माणसाची नडगी लांब, तेवढ्याच अंशाला त्याचे सेंटीमीटर जास्त भरतात. ज्याला पायावर वजनच टाकायचं नाही त्याला काय भिंतीशी उभं करू? तिथं गोनिओमीटरच लागते. ओपीडीत बसून बघा एक दिवस, मग शिकवा.

तर्रीपोहा: मोजत बसा तुम्ही. घोटे मुरगळून राह्यले काहून, ते बोला ना. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, घर खाली गेलं. फाटकातून रोडवर 9 इंचाची पायरी. माझी आई दुधाची पिशवी घेऊन चढताना पडली, 6 आठवडे प्लास्टर.

नंदनवनची सून: आमच्याकडं तर पावसाचं पाणी सरळ हॉलमध्ये. गट्टू बसवले तेही डुगडुगतात.

तर्रीपोहा: तुमच्याकडं निदान गट्टू तरी आहेत!

धंतोलीकर: इथं मोजमापाचं चाललंय बे! रोडचा वेगळा धागा काढा.

तर्रीपोहा: 9 इंच मीही टेपनंच मोजले. टेप खोटं बोलत नाही ना?

विदर्भी फिजिओ: 😄 बरं, धंतोलीकर, एवढं मान्य. पहिलं आणि शेवटचं माप एकाच हातानं, एकाच पद्धतीनं व्हायला पाहिजे. आमच्याकडंही दरवेळी होत नाही.

पॅकेजवाला: कालची पोस्ट माझीच. आज भिंतीशी मोजलं. दुखरा पाय 6 सेंटीमीटर, चांगला 10. सकाळी उठल्या उठल्या मोजलं म्हणून कमी भरलं, असं म्हणा आता.

धंतोलीकर: म्हणणारच होतो. उद्या त्याच वेळेला परत मोज. आणि गुडघा सरळ की वाकडा, तेही लिहून ठेवायला सांग मॅडमला.