अंतिम टेबलावर चिप्स कमी उरल्या असताना चांगल्या पत्त्यांची वाट पाहावी की ऑल-इन करावे (सर्व चिप्स एकदम लावाव्यात)?

मांजराकाठ (लातूर):

नमस्कार. लातूर, औसा आणि उदगीर येथील आम्ही काही मित्र दर शनिवारी रात्री ऑनलाइन खासगी टेबलावर नो-लिमिट होल्डेम पोकरची स्पर्धा खेळतो. प्रवेश विनामूल्य असतो, पैशांचा कोठेही संबंध नसतो. पहिल्या तिघांना अनुक्रमे ५०, ३० आणि २० गुण मिळतात आणि ते वर्षभराच्या तक्त्यात जमा होतात. चाळीस जण प्रत्येकी १०,००० चिप्स घेऊन सुरुवात करतात. नऊ जण उरतात तोवर ब्लाइंड (दोघांनी पाळीपाळीने पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायच्या लहान व मोठ्या रकमा) २,००० आणि ४,००० झालेले असतात, शिवाय मोठा ब्लाइंड भरणाऱ्याला ४,००० चा अँटीही (आणखी एक सक्तीची रक्कम) भरावा लागतो. पातळी दर आठ मिनिटांनी वाढते.

या टप्प्यावर हातात ३६,००० चिप्स, म्हणजे नऊ मोठे ब्लाइंड उरले असतील तर काय करावे, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की एक्का-राजा किंवा मोठी जोडी येईपर्यंत शांत बसावे, कारण तोवर इतर खेळाडू आपापसांत भिडून बाद होतात आणि आपण आपोआप वर सरकतो. इतरांचे म्हणणे असे की थांबण्यातच चिप्स संपतात. गेल्या शनिवारी मला बटनवर (ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवर) एक्का-सत्ती आली, दोन्ही पत्ते वेगवेगळ्या रंगांचे होते आणि माझ्यापर्यंत सर्वांनी फोल्ड केले होते, म्हणजे पत्ते टाकून दिले होते. जाणकारांनी या डावाच्या आधारे कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

गोदातीर (नांदेड):

आपला प्रश्न चांगला आहे, कारण आकडे आपण स्वतःच दिले आहेत आणि उत्तर त्यांतूनच निघते. एका फेरीत आपल्याला २,०००, ४,००० आणि ४,००० असे एकूण १०,००० द्यावेच लागतात. ३६,००० ला १०,००० ने भागले की ३.६ येतात. अमेरिकी खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून या भागाकाराला ‘एम’ म्हणतात, आणि एकही डाव न खेळता आपण किती फेऱ्या तग धरू शकतो, हे तो सांगतो. प्रत्यक्षात तेवढ्या फेऱ्याही मिळत नाहीत, कारण नऊ जणांच्या ऑनलाइन टेबलावर आठ मिनिटांत जेमतेम एक फेरी होते आणि लगेच ब्लाइंड वाढतात. एक फेरी थांबलात की २६,००० उरतील, आणि ब्लाइंड २,५०० व ५,००० झाले की ते पाच मोठ्या ब्लाइंडांहून थोडेच अधिक भरतील.

आपल्याकडे बहुतेक जण रमी खेळून पोकरकडे वळतात. रमीत पहिल्याच पाळीत ड्रॉप घेतला की २० गुण लागतात आणि ते लगेच कागदावर दिसतात. येथे फोल्ड केल्यावर काहीच लिहिले जात नाही, म्हणून ते फुकट वाटते. मात्र दर फेरीला द्यावे लागणारे १०,००० हीच त्याची किंमत असते.

आता एक्का-सत्तीचा डाव पाहू. मध्ये १०,००० आधीच पडलेले आहेत आणि आपल्यामागे फक्त दोन ब्लाइंड आहेत. आपण ३६,००० चा ऑल-इन केला आणि शंभरातून साठ वेळा दोघांनीही फोल्ड केले, तर त्या साठ वेळा १०,००० आपले होतात, म्हणजे सरासरी ६,००० चा लाभ. उरलेल्या चाळीस वेळा मोठ्या ब्लाइंडने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून आव्हान स्वीकारले, असे सोयीसाठी धरू. तेव्हा मधली रक्कम ७८,००० होते. त्यांतून आपण केवळ ३५ टक्के वेळा जिंकतो असे मानले तरी वाटा २७,३०० येतो, म्हणजे दर वेळी ८,७०० चे नुकसान, आणि चाळीस टक्क्यांच्या हिशेबाने ते ३,४८० भरते. वजाबाकी करून २,५२० चिप्सचा निव्वळ लाभ उरतो. कॉल झाल्यावर आपण निम्म्याहून अधिक वेळा हरतो हे गृहीत धरूनही ऑल-इन फायद्याचा ठरतो, आणि हा सर्व फायदा समोरच्याच्या फोल्डमधून येतो, आपल्या पत्त्यांतून नव्हे. म्हणूनच या टप्प्यावर पहिला रेज (रक्कम वाढवणे) आपला असणे हे मोठे पत्ते असण्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

हातातला एक्का आणखी एक काम करतो. समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार असतात; एक एक्का आपल्याकडे असल्यास तीनच उरतात. तरीही एक्का-सत्तीला भलतेच बळ आहे असे समजू नये. एक्का-राणीने कॉल केला तर आपण सुमारे चारातून एकदाच जिंकतो, तर एकाच रंगाची नव्वी-अठ्ठी घेऊन एक्का-राजाला सामोरे गेलो तर सुमारे चाळीस टक्के वेळा वाचतो. बटनवर नऊ ब्लाइंड असताना कोणताही एक्का, कोणतीही जोडी, दोन चित्रांचे पत्ते आणि एकाच रंगाची नव्वी-अठ्ठी, या सर्वांवर मी ऑल-इन करेन. मात्र पहिल्या जागेवर बसलेलो असताना मागे आठ जण असतात. तेथे जोड्या आणि एक्क्यासोबत राजा, राणी किंवा गुलाम एवढ्यावरच थांबेन.

बालाघाट (अंबाजोगाई):

गोदातीर यांचे गणित चिप्सच्या दृष्टीने बरोबर आहे आणि नऊ जण असताना मीही ऑल-इनच करेन. तथापि आपल्या स्पर्धेत गुण चिप्सना नसून क्रमांकाला आहेत, ही बाब त्यांच्या उत्तरात आलेली नाही, आणि शेवटचे तीन-चार जण उरल्यावर तीच निर्णायक ठरते.

समजा, तिघे उरले आहेत आणि त्यांच्याकडे २,००,०००, १,२०,००० आणि ८०,००० चिप्स आहेत. प्रत्येकाची पहिला येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात धरून पुढचे क्रमांकही त्याच रीतीने मांडले, म्हणजे ज्याला आयसीएम म्हणतात तो हिशेब केला, तर ५०-३०-२० या गुणांपैकी त्यांच्या वाट्याला सुमारे ३८.४, ३२.८ आणि २८.९ गुण येतात. सर्वांत कमी चिप्स असलेल्याकडे चिप्स २० टक्के आहेत, पण गुण जवळजवळ २९ आहेत, कारण तिसऱ्या क्रमांकाचे २० गुण त्याने आधीच मिळवलेले आहेत. आता मोठ्या स्टॅकवाल्याने (सर्वांत जास्त चिप्स असलेल्याने) ऑल-इन केला आणि या खेळाडूने कॉल केला, असे धरू. जिंकल्यास चिप्स दुप्पट होतात, गुण मात्र २८.९ वरून ३५.४ पर्यंतच वाढतात. हरल्यास ते २० वर येतात. मिळणार साडेसहा, जाणार जवळजवळ नऊ. ब्लाइंडची रक्कम बाजूला ठेवली तर कॉल परवडण्यासाठी ५० नव्हे, तर सुमारे ५७ टक्के वेळा जिंकायला हवे. ब्लाइंडमध्ये आपले काही आधीच पडले असेल तर हा आकडा थोडा खाली येतो, एवढेच.

याचा अर्थ घाबरून बसावे असा मुळीच नाही. जो कॉल आपल्याला महाग पडतो, तोच समोरच्यालाही महाग पडतो, त्यामुळे स्वतः पहिल्यांदा ऑल-इन करण्याचे बळ उलट वाढते. मात्र तो कोणाविरुद्ध करायचा, हे पाहिले पाहिजे. मधल्या स्टॅकवाल्याला आपल्यामुळे मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून तो पत्ते टाकतो. सर्वांत मोठ्या स्टॅकवाल्याला हरूनही फारसा फरक पडत नाही, आणि ज्याच्याकडे दोनच ब्लाइंड उरले आहेत त्याला कॉल करण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या ब्लाइंडच्या जागी कोण बसले आहे, हे मी माझे पत्ते पाहण्याआधी पाहतो.

अजिंठा मार्ग (छत्रपती संभाजीनगर):

चर्चा वाचणाऱ्या इतरांसाठी एक नोंद आवश्यक वाटते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे आणि कौशल्याचा खेळ असल्याचा युक्तिवाद त्यातून सुटका देत नाही. मांजराकाठ यांची विनामूल्य, गुणांपुरती स्पर्धा वेगळी आहे. ती तशीच राहू द्यावी आणि ‘गंमत म्हणून शंभर रुपये’ अशी सूचना कोणी केली तर ती ठामपणे नाकारावी.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि वेळ संपली की संगणक आपल्या वतीने फोल्ड करतो. चिप्स भरपूर असताना याने बिघडत नाही, पण नऊ ब्लाइंडांवर अशी एक फेरी बुडाली तर जवळजवळ तीस टक्के चिप्स जातात. अंतिम टेबल सुरू होण्यापूर्वी मोबाइलचे इंटरनेट जोडून ठेवावे.

मांजराकाठ (लातूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. याच ब्लाइंडवर ३६,००० ऐवजी १४,००० उरले असतील, तर तेव्हाही बटनवर एक्का-सत्तीवर हेच करायचे ना? आणि तसे असेल, तर थोडे थांबून तेथपर्यंत येण्यात नेमके काय बिघडते?

गोदातीर (नांदेड):

होय, एक्का-सत्तीवर तेव्हाही ऑल-इनच करावा, पण त्याचे फळ वेगळे असेल. ३६,००० च्या ऑल-इनला मोठ्या ब्लाइंडला आणखी ३२,००० घालावे लागतात आणि ते ७८,००० साठी असतात, म्हणजे त्याला सुमारे ४१ टक्के जिंकण्याची खात्री हवी. गुलाम-पंजीसारखे पत्ते तो सहज टाकून देतो. १४,००० च्या ऑल-इनला त्याला फक्त १०,००० घालायचे असतात आणि एकूण रक्कम ३४,००० होते, त्यामुळे सुमारे २९ टक्केच पुरतात. सत्ती-दुर्रीसारखा निकृष्ट हातही कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध सुमारे ३५ टक्के वेळा जिंकतो. त्यामुळे समोरचा विचारी असेल तर तो जवळजवळ काहीही घेऊन कॉल करेल, आणि मी पहिल्या उत्तरात जो साठ टक्के फोल्डचा आधार घेतला होता, तो येथे उरत नाही. शिवाय मोठ्या ब्लाइंडने कॉल केल्यावर जिंकलात तरी ३४,००० च होतील, म्हणजे जेथे होतात तेथेही पूर्णपणे पोहोचत नाही.

बालाघाट यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की आपल्या टेबलावर ४,००,००० चिप्स नऊ जणांत वाटल्या की सरासरी ४४,४४४ येते, म्हणजे केवळ अकरा मोठे ब्लाइंड. ३६,००० घेऊन बसलेला खेळाडू मागे पडलेला नसतो. बहुतेक जण त्याच्याइतकेच अडचणीत असतात आणि त्यांनाही फोल्ड करावेसे वाटत असते. हे जोपर्यंत खरे आहे, तोपर्यंतच, म्हणजे सुमारे आठ ते बारा ब्लाइंड हातात असताना, आपला ऑल-इन परिणामकारक असतो. येत्या शनिवारी आपल्याआधी कोणी रेज केला तर मात्र हीच एक्का-सत्ती बेलाशक टाकून द्यावी, कारण रेज करणारा फोल्ड करण्याची शक्यता फारच कमी असते.