मदत हवी आहे: बाइक रेसिंगमधून टूरिंग कारकडे, ब्रेक कोणत्या पायाने?

नमस्कार मंडळी. आतापर्यंत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर १६५ सीसी बाइक पळवली, पुढचा हंगाम टूरिंग कारमध्ये (रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेल्या रेसिंग कारमध्ये) करायचाय. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरबॉक्स, एबीएस नाही.

अडचण वळणात शिरताना येते. बाइकवर दोन बोटांनी ब्रेक हळूहळू सोडत अपेक्सपर्यंत (वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपर्यंत) जायची सवय. कारमध्ये तसंच केलं की पुढचे टायर ओरडतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि नाक बाहेर जातं. ट्रॅक पाठ आहे, पण कारची लाइनच (वळणातून जायचा मार्ग) वेगळी, त्यामुळे फायदा कमीच.

कार्टिंग करून पाहिलं, तिथे क्लचच नाही. सिम्युलेटरवर हील-अँड-टो (उजव्या पायाने ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या टाचेने थ्रॉटल देत खालचा गिअर टाकणं) जमतं. खऱ्या गाडीत थ्रॉटलला टाच लावली की ब्रेकचा दाब ढळतो. पेडलं जवळ घेतली, थोडाच फरक पडला. सेटअप टीम ठरवते, टेस्टिंगचे दिवसही मोजकेच. १९८७ चा ५०० सीसी विश्वविजेता वेन गार्डनर पुढे टूरिंग कार चालवायचा, हे ठाऊक आहे. तेवढा धीर नका देऊ!

एवढंच सांगा: गिअर न बदलता घ्यायच्या वेगवान वळणांसाठी डाव्या पायाने ब्रेक मारायला आत्ताच शिकू, की आधी हील-अँड-टो पक्कं करू? बाइकवरून आलेल्यांनी कोणता क्रम धरला?