मदत हवी आहे: यान आडवं ओढलं गेलं तर डॉप्लरला कळतं कसं?

नमस्कार मंडळी. संगमेश्वरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या वर्गात शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर बोलताना पुरता अडकलोय.

इथवर ठीक होतं: कॅसिनी यान २०१० मध्ये दोनदा आणि २०१२ मध्ये एकदा त्याच्या १०० किमी किंवा त्याहून जवळून गेलं. पृथ्वीवरून रेडिओ लहर सोडायची, यानाने ती परत पाठवायची आणि वारंवारता किती सरकली (हाच डॉप्लर परिणाम) त्यावरून यानाचा वेग, आणि वेग किती बदलला त्यावरून चंद्राची ओढ काढायची. ८.४ गिगाहर्ट्झला सेकंदाला ०.१ मिमी वेगबदल म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ०.००५६ हर्ट्झ. फळ्यावर गणित मांडलं, पोरं खूश.

तेवढ्यात खिडकीबाहेरून कोकण रेल्वेची गाडी भोंगा वाजवत गेली. एक मुलगी म्हणाली, "सर, येताना-जाताना आवाज बदलला. पण बरोब्बर समोरून आडवी जाते तेव्हा काय? चंद्राने यान असं आडवंच ओढलं तर?" "उद्या सांगतो" म्हणालो. त्याला आज चार दिवस झाले.

दुसरं, या मोजणीतून एन्सेलॅडसच्या बर्फाखालचा समुद्र कसा काय निघाला?

प्रतिसाद:
सर, मी हर्णैचा. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी ओढ किती होती ते होडी पलीकडे कुठे लागली यावरून कळतं. तसंच हे. आडवा हिसका त्या क्षणी दिसत नाही, पण वाट वळते, आणि वळलेल्या वाटेवरचा वेग पुढे तासन्‌तास लहरीत उतरत राहतो. त्यामुळे एकेक आकडा सुटा वाचत नाहीत. चंद्राचं वस्तुमान, त्याचा चपटेपणा वगैरे धरून अख्खी वाट गणिताने काढतात आणि येणारी वारंवारता जुळेपर्यंत ते आकडे हलवतात. तीन फेऱ्यांपैकी दोन दक्षिणेकडून होत्या, एक उत्तरेकडून, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना जमली. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडून उडणाऱ्या वाफेच्या आणि बर्फकणांच्या फवाऱ्यांतून जाताना बसलेला रोधही हिशेबात धरावा लागला.

समुद्राचं म्हणाल तर, दक्षिण ध्रुवाशी खोलगा आहे, म्हणजे तिथे ओढ कमी हवी. कमी भरली, पण खोलग्याच्या मानाने फारच थोडी. म्हणजे खाली बर्फापेक्षा जड काहीतरी आहे, आणि पाणी बर्फाहून जड. २०१४ च्या अंदाजात ३० ते ४० किमी बर्फाखाली सुमारे १० किमी खोल पाणी होतं.

धागाकर्ता:
होडीचं उदाहरण उद्याच वापरतो. तिचे वडील तांडेल आहेत, ती मलाच शिकवेल बहुतेक.