मदत हवी आहे: अलार्म कुठल्या खोलीत वाजतोय तेच कळत नाही

शेवंती_फोंडा
कोणीतरी लवकर सांगा, आज नाईट आहे. वॉर्ड नवीन ब्लॉकात हलवला तेव्हापासून मॉनिटर वाजला की सिस्टर डावीकडे धावते, वाजत असतो उजवीकडे. सकाळी पेशंट म्हणतात, रात्रभर डोळा लागला नाही. मॅनेजमेंट म्हणतं पडदे लावा. कुठले घेऊ?

मापटे_काका
बाई, हॉल आहे की खोल्या? स्टेशन कुठे? छत, फरशी कसली? काहीच सांगितलं नाहीत.

शेवंती_फोंडा
खोल्याच, आता सगळीकडे खोल्याच असतात ना. स्टेशन एका टोकाला. टाइल्स चकचकीत. छत साधं, पांढरं.

दर्यावर्दी
भाच्याने मडगावात स्टुडिओ केला, भिंतीला अंड्यांचे ट्रे आणि फोम. एकदम शांत. खर्च किरकोळ.

मापटे_काका
हॉस्पिटलात हे कृपया नको. ट्रे फारसं काही शोषत नाहीत, आणि साधा फोम पेटला तर विषारी धूर. पळू न शकणारी माणसं आहेत तिथे.

दर्यावर्दी
स्टुडिओ अजून जळलेला नाही.

कायदेपंडित
ध्वनिप्रदूषण नियम 2000. हॉस्पिटलभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, दिवसा 50, रात्री 40 डेसिबल. तक्रार ठोका. आमच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचं तर विचारूच नका, पहाटेपर्यंत...

शेवंती_फोंडा
आवाज आमचाच आहे हो, आतला. पार्टी नाही.

मापटे_काका
आतल्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 1999 ची शिफारस आहे: रात्री वॉर्डात सरासरी 30, मधला एखादा आवाज फार तर 40. गाठणं कठीणच. कॉरिडॉरची मापं द्या.

शेवंती_फोंडा
30 मीटर असेल. रुंदी दोन स्ट्रेचर जातात एवढी. उंची नेहमीचीच.

मापटे_काका
2.4 रुंद, 3 उंच धरतो. सगळं टणक असेल तर सॅबिनच्या सूत्राने (खोलीत आवाज विरायला किती वेळ लागतो त्याचा हिशोब) घुमणं साधारण 2 सेकंद. छताला चांगलं शोषक पॅनेल लावलं तर कागदावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. लांबट जागेत हिशोब ढोबळच, पण फरक कानाला कळेल. अलार्मचा एकसुरी ‘टीं टीं’ मुळातच कुठून येतो ते कानाला पटकन सापडत नाही, त्यात भिंतींवरून परत आलेला आवाज मिसळतो. पातळ पडद्याने काही होत नाही.

सीलिंगवाला_म्हापसा
गोव्यात मिनरल फायबरचं, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या टाइलचं छत? दोन पावसाळ्यांत टाइल पोटं काढतात, वर बुरशी. जिप्सम करा. आम्ही करून देतो.

मापटे_काका
दमट हवेला टिकणारे, पुसता येणारे पॅनेल मिळतात. सपाट जिप्सम घातलं तर आत्ता आहे तसंच घुमेल. विकायचं ते विका, पण प्रश्न वाचून.

जुनी_मेट्रन
शेवंती बाय, छत होईल तेव्हा होईल. आज रात्री काय करशील ते सांगते. प्रत्येक पेशंटच्या अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांना विचारून त्याच्यापुरत्या लावून घे. जुनाट सीओपीडीवाल्याचं, म्हणजे फुप्फुसाच्या दुखण्याच्या पेशंटचं, रक्तातलं ऑक्सिजन जन्मभर 90 टक्क्यांला, आणि अलार्म 92 ला, मग वाजणारच. ईसीजीची छातीवर लावायची चिकटं रोज बदला, घामाने सुटली की खोटे अलार्म सुरू. ट्रॉलीची चाकं आणि दाराचे क्लोजर मेंटेनन्सला दाखव. खरं दुखणं ते टोकाचं स्टेशन. नकाशा काढणाऱ्याने कधी नाईट केली नसणार. मधोमध एक टेबल टाकून घे, एक सिस्टर तिथेच बसू दे.

पणजीकर_जुना
नदीकाठच्या जुन्या मेडिकल कॉलेजात काय वॉर्ड होते! उंच छत, वारा, सिस्टरची नजर सगळ्यांवर. आता तिथे इफ्फीची, चित्रपट महोत्सवाची, गर्दी.

जुनी_मेट्रन
नजर होती, पण एक खोकला की अख्खा वॉर्ड जागा. मी काम केलंय हॉलमध्ये.

चिकू_वाडी
भाची बीएस्सी नर्सिंग करतेय. जर्मनीसाठी भाषेची कुठली परीक्षा लागते?

शेवंती_फोंडा
ताई, वेगळा धागा काढा ना. मेट्रनबाई, टेबल आजच टाकते. एक राहिलं, एसीमुळे खोल्यांची दारं बंद असतात.

मापटे_काका
अहो, हे शेवटी सांगता? मग आधी दारांवर काच आणि बाहेर दिवा. नर्स कॉलला, म्हणजे पेशंटच्या सिस्टरला बोलवायच्या बटणाला, जोडलेले दिवे आहेत का? छताचा फोटोही टाका, स्प्रिंकलर कुठे आहेत ते दिसू दे.