स्टेंट काढल्यावर क्रिएटिनिन वाढलं पण दुखत काहीच नाही, सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

निफाडकर
नमस्कार, माझ्या धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन साडेसहा आठवडे झाले, किडनी आईने दिली. क्रिएटिनिन (रक्तातलं, किडनी नीट चालत नसली की वाढतं ते) 1.2 वर आलं होतं, चौथ्या आठवड्यात डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून घातलेली बारीक नळी) काढला आणि कालच्या रिपोर्टला एकदम 1.9. लघवी आम्ही मापाच्या जगने मोजून वहीत लिहितो, ती पण दोन दिवस कमी भरतेय. सोनोग्राफीत नव्या किडनीला सूज सांगितली, डॉक्टर म्हणतात ॲडमिट करा, लघवी बाहेर काढायला किडनीत नळी टाकावी लागेल. भाऊ म्हणतो मला कुठे दुखतंय, सोमवारी बघू. हे रिजेक्शन आहे का, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय का? आईने तर जेवणच सोडलंय, माझीच किडनी खराब निघाली म्हणते.

सिडकोवाली
दादा थांबू नका, आजच जा. बसवलेल्या किडनीच्या नर्व्ह जोडलेल्या नसतात, त्यामुळे लघवी अडली तरी मुतखड्यासारखी कळ येत नाही, माझ्या मिस्टरांनाही काही दुखलं नव्हतं आणि आम्ही त्यातच चार दिवस घालवले, अजून वाईट वाटतं त्याचं. नळीला घाबरू नका, ती पाठीतून नाही, पोटाच्या पुढून जाते कारण नवी किडनी ओटीपोटातच असते. पिशवीत लघवी उतरायला लागली की क्रिएटिनिन पण उतरलं आमचं.

ओटी सिस्टर, पंचवटी
आईंना आधी हे वाचून दाखवा. किडनी काढताना युरेटरचा (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीचा) खालचा रक्तपुरवठा तुटतोच, मग त्याला रक्त मिळतं ते फक्त किडनीकडून, म्हणून मूत्राशयाला जोडतात ते टोक सगळ्यात कमजोर. म्हणूनच सर्जन युरेटर शक्य तितका आखूड ठेवतात आणि त्याच्याभोवतीची चरबी सोलत नाहीत. तरी काहींना तिथे आकसतं, यात देणाऱ्याचा काही दोष नाही. पहिल्या काही दिवसांत तिथूनच लीक होऊ शकतं, तेव्हा ड्रेनच्या (ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या नळीच्या) पाण्यातलं क्रिएटिनिन तपासतात, रक्तापेक्षा खूप जास्त आलं तर ती लघवी.

स्टेंट याच्यासाठीच घालतात पण जास्त दिवस ठेवला की इन्फेक्शन होतं, विसरला तर त्यावर खडे चढतात, त्यामुळे काढला ते बरोबरच. आता नळीतून डाय टाकून फोटो काढतील, आकसलेला भाग छोटा असेल तर बलून आणि परत स्टेंट, मोठा असेल तर ऑपरेशन करून पुन्हा जोडतात, कधी पेशंटचा स्वतःचा जुना युरेटर वापरतात. रिजेक्शन आहे का हे नुसत्या सुजेवरून नाही कळत, लघवी मोकळी करूनही क्रिएटिनिन उतरलं नाही तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात. बीके व्हायरसची (ट्रान्सप्लांटनंतर नव्या किडनीला त्रास देणारा व्हायरस) टेस्ट झालीय का तेही विचारा. आणि मनाने पेनकिलर अजिबात नको.

निफाडकर
गाडी काढलीय, नाशिकला निघालो. आईला वाचून दाखवलं, रडली थोडी, मग स्वतःच डबा भरून मागे बसलीय.

सिडकोवाली
लघवीची वही आणि स्टेंट काढल्याचा कागद घेतलात ना? टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची) वेळ प्रवासात चुकवू नका.