विषय: ईस्टरची कागदी टोपली दुसऱ्या फेरीला बिघडतेय

१५ मार्च २०२६, म्युनिक

नमस्कार मंडळी,

छकुलीच्या किटामधून (इथल्या बालवाडीतून) चिठ्ठी आलीये, ईस्टरला प्रत्येक मुलानं घरी केलेली एक टोपली आणायची, विकतची नको असं खाली वेगळं लिहिलंय. मला वाटलं सोप्पं आहे, बालवाडीत आपण सगळ्यांनीच घोटीव कागदाची चटई केलीये. टोनपापिअर (इथला रंगीत जाडसर कागद) आणला, २ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या, ८ उभ्या ८ आडव्या, चटई इतकी सुंदर झाली की छकुली ती डोक्यावर घेऊन घरभर फिरली. मग टोकं वर दुमडून भिंतीच्या खुंट्या केल्या, बाकीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून एक लांबलचक पट्टी केली आणि भिंतीला गोल फिरवायला घेतली. पहिली फेरी मस्त. दुसऱ्या फेरीला मात्र पट्टी पुन्हा त्याच जागी वर आणि त्याच जागी खाली, म्हणजे वीण पडतच नाही, नुसत्या पट्ट्या एकावर एक बसतात आणि हात सोडला की सगळं सुटतं. तीन वेळा उसवलं, दर वेळी मोजलं, एकही खुंटी चुकलेली नाही. कागद आता मऊ पडलाय. काल पोरगी रडली आणि खरं सांगायचं तर मलाही रडू आलं.

कोणी केलीये का अशी? मावशी, तुम्ही सध्या कोल्हापुरात आहात माहितीये, पण हलव्याचे दागिने तुमच्याकडूनच शिकले म्हणून हक्कानं विचारते.

छकुलीची आई


१७ मार्च २०२६, राजारामपुरी, कोल्हापूर

अगं छकुलीच्या आई,

आधी हे ऐक, तू काहीही चुकलेली नाहीस. तुझी मेल वाचली आणि मी पण वहीचा कागद फाडून छोटी टोपली करून बघितली, माझंही तस्संच झालं. मग म्हटलं आपण डोकं कशाला फोडतोय, गावात पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणणारी माणसं आहेत. काल सकाळी अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि तशीच बुरुड गल्लीत गेले. पाडव्याच्या आधीची गडबड, दारात सुपं, रोवळ्या, दुरड्या, परड्या यांची चळत लागलेली, एक वयस्कर मामा बांबूच्या कामट्या तासत बसले होते. त्यांना माझी कागदाची टोपली दाखवली. ईस्टर वगैरे सांगायची गरजच पडली नाही, त्यांनी ती एकदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "ताई, बेकीवर फिरवताय न्हवं, मग वीण कशी पडंल? एकी लागतीया."

बास, एवढंच. एकी-बेकी, म्हणजे विषम-सम. लहानपणी चिंचोक्यांनी खेळायचो तेच.

आता नीट सांगते. तुझ्या १६ पट्ट्या, प्रत्येकीला टोकं दोन, म्हणजे वर उभ्या राहिलेल्या खुंट्या ३२. तू ७ घे, ९ घे, किती पण घे, पट्टीला टोकं दोनच असणार म्हणून असा तळ विणलास की खुंट्यांची बेरीज कायम समच येणार. आणि सम असली की एक वर एक खाली करत फिरणारी पट्टी फेरी संपवून बरोब्बर पहिल्याच पावलावर येते. खुंट्या विषम असतील तरच दुसऱ्या फेरीला ती आपोआप उलटी पडते. मामांनी मला करून दाखवलं, ते एक कामटी शेंड्यापासून बुडापर्यंत मधोमध चिरतात, एकाच्या दोन झाल्या की झाली एकी, मग कामटी न तोडता वरपर्यंत फिरवायची. पाच मिनिटं मी तिथंच उभी राहून बघत होते. आयुष्यभर दुरड्या वापरल्या पण ती एक चिरलेली कामटी कधी डोळ्यांना दिसली नव्हती, घरी येऊन माळ्यावरची दुरडी काढली तर त्यात पण आहे!

कागदात तू एक खुंटी चिरू शकतेस, पण १ सेंटीमीटरची पट्टी पोराच्या हातात टिकायची नाही. त्यापेक्षा लांब पट्टीचा नाद सोड. प्रत्येक फेरीची पट्टी वेगळी, तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवून कडं बंद करायचं, आणि पुढची फेरी एक खुंटी सोडून उलटी सुरू करायची. पहिल्या फेरीला कसं ठरवायचं तर तळाच्या अगदी कडेची पट्टी ज्या खुंटीच्या खालून गेलीये, तिच्यावरून ही न्यायची. तेवढं जमलं की चारही कोपऱ्यांवर वर-खाली आपोआप जुळतं, मी दोनदा मोजून खात्री केलीये.

माप लिहून घे. तुझा टोनपापिअर १३० ग्रॅमचा असणार, तो नको, दोनशेच्या वरचा कार्डपेपर आण, ए-३ चे दोनच ताव लागतात, एक पिवळा एक हिरवा. ४२ सेंटीमीटरच्या लांबीनं काप, एका तावातून २ सेंटीमीटरच्या १४ पट्ट्या निघतात. ८ पिवळ्या उभ्या, ८ हिरव्या आडव्या, तळ होतो १६ बाय १६. विणताना पट्ट्या मध्यावर ठेव म्हणजे चारी बाजूंना १३-१३ सेंटीमीटर उरतं. एका फेरीला दोन पट्ट्या जोडायच्या आणि ६७ ला कापायच्या, चारी भिंती मिळून ६४ आणि ३ चिकटवायला, आणि तो जोड एखाद्या खुंटीच्या मागं लपव. पिवळ्या तीन फेऱ्या, हिरव्या दोन. मग हिशेब बघ, पिवळ्या सगळ्या संपतात आणि हिरव्या दोन उरतात त्या एकावर एक चिकटवून मूठ. एकही अख्खी पट्टी वाया जात नाही, मला तर फार आनंद झाला.

दुमडायच्या आधी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेननं रेघ दाबून घे नाहीतर कड गोल येते. आणि पहिल्या फेरीला चारी कोपऱ्यांवर कपड्यांचे चिमटे लाव, ते कंटाळा न करता लाव, पहिली फेरी बसली की पुढच्या चार पोरगीच करेल. पट्टी ओढून घट्ट करू नकोस, भिंती आत झुकतात. शेवटी वर ३ सेंटीमीटर उरतं, ज्या खुंट्या बाहेरून दिसतात त्या आत दुमडून चिकटव, आतल्या सरळ कापून टाक. मुठीची टोकं आतून ४ सेंटीमीटर खाली ने आणि चिमटा लावून रात्रभर ठेव. तरी अंडी भरल्यावर उचलताना एक हात खाली द्यायला शिकव तिला, एक अंडं ५५-६० ग्रॅमचं, सहा झाली की कागदाला ते जड.

फोटो पाठव हं, मामांना दाखवायचं कबूल केलंय.

मावशी


१८ मार्च २०२६, श्टुटगार्ट

मावशी, वाचून अंगावर काटा आला. मी कोल्हापूरचाच, आमचं घर वाइल्डर मेमोरियल चर्चचं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासूनच्या मंडळीतलं आमचं कुटुंब. ईस्टरला टोपली, ससा असलं काही आमच्याकडे नव्हतं. आमचा ईस्टर म्हणजे अंधारात उठून पांढरे कपडे घालून पहाटेच्या उपासनेला जायचं, आणि भेटेल त्याला "प्रभू उठला आहे" म्हणायचं. हातानं विणायचं काम त्याच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी असायचं, आजी झावळीच्या पात्यांचे क्रूस वळायला शिकवायची, माझी बोटं अजून विसरलेली नाहीत.

टोपली ही इथली गोष्ट. जर्मनीत मुलं सशासाठी गवताचं घरटं करून ठेवायची, इथून पेनसिल्व्हेनियात गेलेल्या लोकांनी ते १८व्या शतकात अमेरिकेत नेलं आणि हळूहळू घरट्याची टोपली झाली. आणि अंडी का, तर ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या काय थांबत नाहीत, साठलेली अंडी उकडून रंगवून सणाला वाटायची. छकुलीला हे सांगा, मुलांना कारण कळलं की जास्त मजा येते. कागदाची चटई पण इथलीच म्हणायला हरकत नाही, बालवाडीचा जनक फ्रोबेलनं १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जे काम सुरू केलं त्यात कागद विणणं होतं.

रंगासाठी कांद्याची सालं वापरा, थोडं व्हिनेगर घालून उकळा, अंडी मस्त तांबूस होतात. पिवळ्याला आपली हळद.

एक दादा


१९ मार्च २०२६, राजारामपुरी, कोल्हापूर

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा, आत्ताच गुढी उभारली.

दादा, तुमच्या घरट्यावरून सुचलं. टोपलीत खाली घालायला तिकडे प्लास्टिकचं हिरवं गवत मिळतं ते आणू नका कोणी. आपण घटाला परडीत काळी माती घालून धान्य पेरतो ना, अगदी तसेच गहू पेरा. फक्त कागद भिजेल म्हणून वेगळ्या बशीत, रात्रभर भिजवलेले गहू, खाली दोन बोटं माती, रोज हातानं पाणी शिंपडायचं. ईस्टर ५ एप्रिलला आहे, रामनवमीला पेरले की बरोबर बोटभर उंच होतील, मग बशीच टोपलीत ठेवायची.

ईस्टर वसंतातल्या पुनवेनंतरच्या रविवारी येतो, यंदा ती पुनव आपली चैत्राची, २ एप्रिल. म्हणजे इकडे वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या सासनकाठ्या नाचणार आणि तिसऱ्या दिवशी तिकडे छकुली अंडी शोधणार. दर वर्षी असं जुळत नाही, २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला झाला आणि यात्रा एप्रिल संपता संपता आली. यंदा जुळलंय तर मी दोन्हीकडच्या पोरांसाठी गुलाल लावून नमस्कार करणार.

मावशी


३० मार्च २०२६, म्युनिक

मावशी, झाली!! पाचही फेऱ्या उभ्या राहिल्या. शेवटच्या तीन छकुलीनं एकटीनं घातल्या, "वर, खाली, वर, खाली" म्हणत, जीभ बाहेर काढून. एका ठिकाणी तिनं दोन खुंट्या एकदम घेतल्यात, मी दिसूनही काही बोलले नाही, तिची टोपली आहे. गहू पेरलेत, चौथा दिवस, मोड वर आलेत, रोज उठल्या उठल्या बशीत डोकावते. किटाच्या ताईंनी विचारलं की हे एकेक कडं बंद करायचं कुठून शिकलात, तर छकुलीनं सांगितलं कोल्हापूरच्या मामांकडून.

दादा, सालांची अंडी पण झाली, किती सुंदर रंग येतो तो!

फोटो जोडलाय, मामांना नक्की दाखवा.


३१ मार्च २०२६, राजारामपुरी, कोल्हापूर

दाखवला. मोबाइल हातात घेऊन मोठा करून करून बघितला त्यांनी, दोन खुंट्या एकदम घेतलेली जागा लगेच सापडली, हसले आणि म्हणाले पोरीचा हात बसंल. पण कडेकडे बोट करून सांगितलं की वरची कड नुसती दुमडून भागत नाही, पोर मूठ धरून ओढणार आणि तिथूनच सुटणार, आतून एक पट्टी फिरवून कड बांधा. तर नवीन तावातून दोन पट्ट्या जोडून ६७ ची अजून एक काप, दुमडलेल्या टोकांवरून आतल्या बाजूनं चिकटव आणि रात्रभर चिमटे लाव. अजून पाच दिवस आहेत, आजच करून टाक.

मावशी