तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबत नाटक घडवताना

रंगमेघना: नमस्कार. मी हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन करते. आता तीव्र आणि बहुविध अक्षमता असलेल्या काही प्रौढांसोबत सेन्सरी थिएटर, म्हणजे स्पर्श, आवाज, वास, चव यांतून अनुभवायचं नाटक, करायचं आहे. बहुतेक जण बोलत नाहीत, काहींना दिसतही नाही. पावसावर संहिता लिहून तयार आहे. पण नाटक त्यांना नुसतं दाखवायचं नाही, त्यांच्यासोबत घडवायचं आहे. न बोलणाऱ्या माणसाने नाटकात भर घातली हे ओळखायचं कसं?

पडद्यामागे: मेघनाताई, पाऊस राहू द्या, संहिता मात्र मिटून ठेवा. आमच्या गटातल्या एका काकूंना दिसत नाही आणि हातही फारसे उचलता येत नाहीत. व्हीलचेअरच्या ट्रेवर डफ टेकवून वाजवला की कंपनं त्यांच्या कोपरापर्यंत पोचतात. डफ थांबला की आपल्याला पुढची वस्तू काढायची घाई होते, नेमकं तेव्हाच थांबायचं. अगदी अवघडल्यासारखं होईपर्यंत. मग काकूंचा अंगठा ट्रेवर घासतो, नखाचा जेमतेम आवाज येतो. आम्ही तोच आवाज डफावर नखाने काढून त्यांना परत दिला. त्यांनी पुन्हा घासलं! आता आमच्या नाटकातला पाऊस त्याच सुरू करतात, डफवाला त्यांच्यामागून येतो. समोरच्याच्या हालचालीला असं उत्तर देत जाण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन या नावाने पुढे आली. तुमच्या कामासाठी तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

नकारही तितकाच मोलाचा. ओलं कापड लागताच कोणी मान वळवली, अंग ताठ केलं, तर त्या माणसापुरतं ते कापड नाटकातून गेलं. तालमीचा क्रम आणि सुरुवातीचं गाणं मात्र बदलू नका. पुढे काय येणार याचा अंदाज असला तरच हवं-नको ठरवता येतं.

शुभांगी_ओटी: सुरक्षेचं आधी बघा. लुकलुकणारे दिवे नकोत, काहींना फिट येऊ शकते. गिळायला त्रास असेल तर चव देण्याआधी स्पीच थेरपिस्टला विचारा. वास हवेत फवारू नका, कापसावर घेऊन जवळ न्या, म्हणजे नको असल्यास लगेच दूर करता येतो.

रंगमेघना: खूप आभार दोघांचे. एकच अडचण आहे. सोबत येणारे काळजीवाहक प्रेमापोटी त्यांचे हात धरून वाद्य वाजवून देतात. त्यांना कसं थांबवू?

पडद्यामागे: थांबवू नका, त्यांनाही कलाकार म्हणूनच घ्या. हात वरून धरण्याऐवजी आपला तळवा त्यांच्या हाताखाली ठेवायला सांगा. मग हात काढून घ्यायचा की ठेवायचा, हे ज्याचा त्याला ठरवता येतं. आधी हे काळजीवाहकांनी एकमेकांवर करून बघावं. वरून धरलेला हात कसा वाटतो ते कळलं की फार समजवावं लागत नाही. आणि कोणाची कुठली हालचाल काय सांगते, हे त्यांनाच विचारून लिहून घ्या. तुमची खरी संहिता तिथूनच सुरू होईल.